तोंड पाहून किंमत

नव्या पुस्तकाची किंमत पुस्तकावर छापलेली असते, जुन्याची गिऱ्हाइकाच्या तोंडावर. विक्रेता ती तिथेच वाचतो आणि चष्मा न लावता वाचतो. म्हणून जुनी पुस्तकं घ्यायला निघालेल्या माणसाने खिशात किती आहे हे नंतर बघावं, चेहऱ्यावर काय आहे ते आधी आरशात बघून घ्यावं.

मुंबईत फोर्टला हुतात्मा चौकाच्या आसपास पुस्तकांचे ढीग लावून बसणारे आहेत, माटुंग्याला किंग्ज सर्कलला आहेत. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात आहेत, आणि दर बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात नळाच्या तोट्या, बंद घड्याळं आणि पितळी अडकित्ते यांच्या शेजारी मांडी ठोकून बसलेलेही आहेत. गाव बदलतं, भाव करायची भाषा बदलते, पण चेहरा वाचायची विद्या सगळीकडे तीच.

मुरलेलं गिऱ्हाईक हवं ते पुस्तक कधीच आधी उचलत नाही. आधी उगाच एखादा संगणकाचा जाडजूड ग्रंथ उचलायचा. कुठलाही चालेल, फक्त तो कालबाह्य झालेला असावा. त्याची किंमत विचारायची, ओठ काढायचे, ठेवून द्यायचा. मग व्यक्तिमत्त्व विकासाचं एखादं. त्याचीही तीच गत करायची. आणि मग निघता निघता, जणू हात पुसायला काही मिळालं नाही म्हणून, आपलं पुस्तक उचलायचं. ही युक्ती मला एका ज्येष्ठ संग्राहकाने शिकवली आणि फोर्टला मी ती बिनचूक वठवली.

"हे कितीला?"

"दोनशे."

"आणि हे?"

"दीडशे द्या."

"बरं. आणि हे असंच पडलेलं… हे?"

"त्याचे सहाशे."

"सहाशे? अहो, याला मागचं कव्हरसुद्धा नाही!"

"साहेब," तो ढीग सारखा करत म्हणाला, "त्या दोन पुस्तकांना हात लावताना तुम्ही पुस्तकाकडे बघत होता. याला हात लावताना माझ्याकडे बघितलंत."

यावर काय बोलणार? साडेचारशेला तुटलं. वरचे दीडशे त्याने सोडले की मी वाचवले, हा प्रश्न आम्ही दोघांनीही आपापल्या सोयीने सोडवला.

भाव पटला नाही की चालू लागायचं, हा घासाघिशीचा दुसरा नियम. मुंबईत तो अजून चालतो. दहा पावलांवर "ओ साहेब, किती देणार बोला" अशी हाक येते. पुण्यात दहा पावलं गेल्यावर मागे वळून पाहिलं तर विक्रेता पुन्हा पेपर वाचत असतो. मग सगळ्या चौकाला वळसा घालून, दुसऱ्या बाजूने, आत्ताच एसटीतून उतरल्यासारखं यावं लागतं. तोही "या, बसा" म्हणतो आणि मघाचाच भाव सांगतो.

या विक्रेत्यांच्या व्यासंगाबद्दल मराठी साहित्याच्या इतिहासकारांनी एखादं प्रकरण लिहायला हरकत नव्हती. फोर्टला माझ्या ओळखीच्या एका विक्रेत्याला मराठी वाचता येत नाही. पण त्याला 'मृत्युंजय' पाठमोरं ओळखता येतं. दीनानाथ दलालांनी रंगवलेलं मुखपृष्ठ तो दुरूनच वेगळं काढतो, कारण त्या बाईच्या डोळ्यांना शंभर रुपये जास्त येतात हे त्याला ठाऊक आहे. लेखकाचं नाव त्याला सांगता येत नाही, पण लेखकाची पत बरोबर सांगता येते. "ये चलता है. ये बैठता है." मराठीत एवढी नेमकी समीक्षा मी दुसरीकडे वाचलेली नाही. आमच्याकडे चारशे पानांचा प्रबंध वाचून संपला तरी पुस्तक चालतं की बसतं याचा पत्ता लागत नाही.

आता या ढिगापर्यंत पुस्तक पोचतं कसं? घरोघरच्या माळ्यावरून. दिवाळीच्या साफसफाईत काही खाली येतात. आजोबा गेले की वर्षश्राद्धानंतर काही येतात. ते होईपर्यंत जरा बरं दिसत नाही म्हणून. हल्ली सगळ्यात मोठा लोंढा येतो तो पुनर्विकासात. जुन्या इमारतीत माळा होता, कोनाडे होते, जिन्याखाली जागा होती. बिल्डर नव्या घरात व्यायामशाळा देतो, लॉबीत धबधबा देतो, माळा देत नाही. मग रद्दीवाल्याला फोन जातो. तो येतो, काटा अडकवतो, आणि ज्ञानेश्वरीवरची टीका, गृहवैद्य, वास्तुशास्त्र आणि मार्क्सवाद सगळे एका भावाने जोखतो. पुस्तकांना पेपरपेक्षा कमी दर का, असं एका आजींनी विचारलं तेव्हा रद्दीवाल्याने शांतपणे सांगितलं, "आजी, पेपरात वडापाव तरी बांधता येतो."

रद्दीवाल्याकडे मग पुस्तकविक्रेत्याचा माणूस येतो आणि पोती उपसून चालणारं वेगळं काढतो. उरलेलं लगद्याला जातं. या दोन टप्प्यांच्या मध्ये जो तासभर असतो तेवढ्यात तिथे पोचावं, हे प्रत्येक संग्राहकाचं स्वप्न. म्हणून आमच्या भागातल्या रद्दीच्या दुकानासमोर संध्याकाळी दोन निवृत्त प्राध्यापक आणि एक बँक मॅनेजर पावसातसुद्धा घुटमळताना दिसतात. नव्या माणसाला वाटतं, शेजारी बार असावा.

जुन्या पुस्तकात मजकूर एक असतो आणि जाहीर करायचा नव्हता असा मजकूर दुसरा असतो. पहिल्या कोऱ्या पानावर बहुतेक तो सुरू होतो. "चित्रकला स्पर्धेत उत्तेजनार्थ", खाली मुख्याध्यापकांची सही आणि शाळेचा शिक्का. उत्तेजन कितपत पुरलं हे पुढची पानं सांगतात. प्रत्येक चित्रातल्या बाईला मिश्या आहेत. लग्नाच्या आहेरात आलेल्या पुस्तकावर "ऑफिसातील सहकाऱ्यांकडून" असं लिहून डझनभर सह्या असतात, आणि आत पानाला पान चिकटलेलं असतं. वर्गणी काढून दिलेलं पुस्तक कुणाचंच नसतं. देणाऱ्यांना वाटतं घेणारा वाचेल, घेणाऱ्याला वाटतं एवढ्या लोकांनी दिलंय तर त्यातल्या कुणी तरी वाचलंच असेल.

अपवाद 'रुचिरा'चा. कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक १९७० सालचं, आणि मराठी नवरीबरोबर ते पिढ्यान् पिढ्या सासरी गेलं आहे. जुनी 'रुचिरा' घेताना डाग बघून घ्यावी. ज्या पानावर हळदीचा अंगठा उमटलाय, तुपाने कागद पारदर्शक होऊन मागच्या पानावरची साबुदाण्याची खिचडी इकडच्या पुरणपोळीतून दिसते आहे, ते पान विश्वासाचं. तिथलं प्रमाण कुणी तरी वर्षानुवर्षं करून पाहिलं आहे, आणि मीठ "थोडं कमी" असं पेन्सिलीने लिहिणाऱ्या बाईंनी ते जिभेने तपासलं आहे. कोरी करकरीत जुनी 'रुचिरा' मिळाली तर घेऊ नये. ती ज्या घरातून आली तिथे डबा लावलेला असणार.

अधोरेखनाचं शास्त्र आणखी वेगळं. वैचारिक पुस्तकात पेन्सिलीच्या रेघा पहिल्या पानापासून दाट असतात, प्रस्तावना तर संपूर्णच अधोरेखित असते. तिसाव्या पानाच्या आसपास रेघा विरळ होतात, चाळिसाव्याला एकच, तीही अर्धी. तिथून शेवटपर्यंत पुस्तक नव्याच्या मोलाचं. स्पर्धा परीक्षांची पुस्तकं त्याहून रंगीत. पिवळा म्हणजे महत्त्वाचं, हिरवा म्हणजे फार महत्त्वाचं, गुलाबी म्हणजे यंदा येणारच. इतकं रंगवल्यावर न रंगवलेल्या ओळीच उठून दिसतात आणि माणूस त्याच वाचतो. बहुतेक परीक्षेत त्याच येत असाव्यात, कारण पुस्तक विकायला आलेलं असतं.

समासातल्या शेऱ्यांचा मी चाहता आहे. सुखी संसाराची सूत्रं सांगणाऱ्या एका पुस्तकात, नवऱ्याने शांतपणे ऐकून घ्यावं अशा अर्थाच्या वाक्याशेजारी निळ्या शाईत "अगदी खरं!" असं बायकी वळणाचं अक्षर होतं. खाली काळ्या शाईत, दुसऱ्या हाताने, "आणि किती?" पुस्तकाला मी फक्त त्या दोन शब्दांचे पैसे दिले.

जुने दिवाळी अंक हा गठ्ठ्याने घ्यायचा माल. 'मनोरंजन' मासिकाने १९०९ साली दिवाळी अंकाची प्रथा पाडली, तेव्हापासून मराठी माणूस फराळाबरोबर वाङ्मय खातो, आणि फेब्रुवारीपर्यंत दोन्हीला वास येऊ लागतो. पण अंकात कथा-कवितांच्या मागे वार्षिक राशिभविष्य असतं, आणि ते जुनं झाल्यावरच खरं वाचनीय होतं. ज्या वर्षी माझं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्या वर्षीच्या अंकात माझ्या राशीला "प्रवासाचे भरपूर योग, पायाला भिंगरी" असं होतं. नवं भविष्य वाचून माणूस नुसता काळजीत पडतो. जुन्यात निदान ताडून बघायची सोय आहे.

रशियन पुस्तकांची मात्र थट्टा करवत नाही. 'मीर' आणि 'प्रगती' प्रकाशनांची ती पुस्तकं एके काळी मराठीतूनही मिळत आणि भेळेच्या दरात मिळत. मुलांच्या गोष्टी, भौतिकशास्त्र, क्रांती, सगळं सारख्याच निष्ठेने शिवलेलं. आजही ढिगात एखादं सापडतं. सोव्हिएत संघ १९९१ साली सुटा झाला, त्याची बांधणी अजून शाबूत आहे.

जून महिन्यात अप्पा बळवंत चौकात जे चालतं त्याचा वाचनाशी संबंध नाही. तो शुद्ध वायदेबाजार. बालभारती स्थापन झाली १९६७ साली, आणि पाठ्यपुस्तकं निम्म्या किमतीत घ्यायची नि वर्षाअखेरी पाव किमतीत विकायची हे अर्थशास्त्र मराठी मुलाला अर्थशास्त्र विषय सुरू होण्याआधीच समजत आलं आहे. थोरल्याचं गणित धाकटीला, धाकटीचं चुलतभावाला, आणि मग चौकात. बरोबर 'एकवीस अपेक्षित'चे जुने संच. गेल्या वर्षी अपेक्षित होतं आणि आलं नाही, म्हणजे यंदा नक्की, असा हिशेब मांडून ते घेणारेही आहेत. या बाजारात विकणारा आणि घेणारा यांना एकाच दुकानात एकाच वेळी उभं राहू देऊ नये. मी उभा होतो. आधीच्या बाई मुलाची पुस्तकं विकायला आल्या होत्या.

"काही येणार नाही ताई याचं. अभ्यासक्रम बदलला ना! रद्दीच झाली ती."

बाई मिळतील तेवढे घेऊन गेल्या. पुढचे गृहस्थ तेच पुस्तक मागत होते.

"हे चालेल ना? अभ्यासक्रम बदललाय म्हणतात."

"कुठला बदलतोय काका! दोन धडे इकडचे तिकडे केलेत. मुलं तर ते ऑप्शनलाच टाकतात."

एवढ्या थोड्या वेळात अभ्यासक्रम बदलून पुन्हा जागेवर आलेला कुठल्याही शिक्षणमंत्र्याने पाहिला नसेल.

अलीकडे मंगल कार्यालयांत आणि मोठ्या हॉलमध्ये पुस्तकांची प्रदर्शनं लागतात. तिथे पुस्तक किलोने मिळतं, किंवा एक खोकं ठरावीक रकमेला आणि त्यात मावतील तेवढी पुस्तकं तुमची. या योजनेने वाचकाची अभिरुची तीन मितींमध्ये विकसित झाली. आयुष्यभर आशय आणि आकृतिबंध यांवर वाद घातलेली माणसं तिथे फक्त आकृतिबंधाचा विचार करताना दिसतात. एक सद्गृहस्थ गुडघ्यांवर बसून खोक्यात दोन कादंबऱ्यांमध्ये पक्ष्यांचं पुस्तक आडवं घालून बघत होते. बसेना. काढलं, उभं घातलं. थोडी फट राहिली. त्यांनी मान वर करून मला विचारलं, "तुमच्या बाजूला एखादी बारीक कविता आहे का हो?"

फोन आल्यापासून विक्रेत्यांचा आत्मविश्वास वाढला आहे. पूर्वी 'कोसला'ची १९६३ सालची पहिली आवृत्ती हातात आली तर घेणाऱ्याचा हात थरथरायचा आणि विकणारा त्याला बसायला स्टूल द्यायचा. आता विकणारा आधी फोन काढतो. जगात कुठे तरी कुणी तरी तेच पुस्तक पाच आकडी किमतीला विकायला ठेवलेलं असतं. "बघा, चालू भाव." ते तिथे तीन वर्षं विकलं गेलेलं नाही, याला भाव म्हणत नाहीत, हट्ट म्हणतात, पण हे त्याला पटत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या पुस्तक-गटांत तर कालपरवाचं पुस्तकसुद्धा दुर्मीळ असतं. फोटो पडल्या पडल्या "माझं", "माझं", "माझं" अशी ओळ लागते, आणि पाठवणाऱ्याने फक्त आपलं नवं कपाट दाखवलेलं असतं.

खंडांच्या गोष्टी न सांगितलेल्या बऱ्या. केतकरांचा ज्ञानकोश २३ खंडांचा. संपूर्ण संच कुणाकडे नसतो. ज्याच्याकडे बावीस आहेत तो तेविसाव्याच्या शोधात म्हातारा होतो. आणि बाजाराचा नियम असा, की त्याला सगळीकडे बाविसांपैकीच कुठला तरी मिळतो. नाही म्हणवत नाही, म्हणून तोही घेतो. अशा एका घरी एकाच खंडाच्या चार प्रती आहेत. त्या खंडात येणारे विषय त्या कुटुंबाला तोंडपाठ आहेत, बाकी जगाविषयी ते फारसं बोलत नाहीत.

घरी या सगळ्याचं समर्थन करावं लागतं. त्यासाठी संग्राहक थोर पुरुषांना मध्ये घालतात, तसं मीही घालून पाहिलं. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव हिंडून जुनी दप्तरं गोळा केली म्हणून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' १८९८ पासून एकेक खंड करत उभी राहिली, असं मी जेवताना सांगितलं. बायको वाढता वाढता म्हणाली, "राजवाडे घर सोडून हिंडले. तू घरी येतोस." मग मी बाबासाहेबांचं नाव काढलं. न्यूयॉर्कला शिकत असताना पोटाला चिमटा काढून त्यांनी जुनी पुस्तकं जमवली, पुढे दादरला 'राजगृह' बांधलं ते ग्रंथसंग्रह मनात धरूनच. "बरोबर आहे," ती म्हणाली. "त्यांनी पुस्तकांसाठी घर बांधलं. तूही बांध. मी अडवलंय का?"

आता जुन्या बाजारात पुस्तक दिसण्याच्या अपमानाविषयी. लेखकांना फुटपाथवर आपलं पुस्तक दिसलं, त्यातही आपल्या सहीचं दिसलं, की जिव्हारी लागतं. लागू नये. तिथे दिसण्यासाठी पुस्तक आधी कुणाच्या तरी घरी गेलेलं असावं लागतं, आणि हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती काढणाऱ्या भाषेत ती काही लहानसहान गोष्ट नाही. जे पुस्तक खूप खपतं तेच ढिगात खूप दिसतं. ढिगात कधीच न दिसणाऱ्या लेखकाने खूश होण्याआधी प्रकाशकाच्या गोदामात एक फेरी मारावी.

हे मी आमच्या परिचयाच्या एका कवींना समजावून सांगत होतो. ते दर रविवारी जुन्या बाजारात येतात, दुसरंच काही शोधतोय असं दाखवत आपला संग्रह शोधतात, आणि तो न सापडल्याच्या आनंदात आम्हाला चहा पाजतात. "माझा वाचक पुस्तक सोडत नाही," हे त्यांचं ठाम मत. आम्ही त्यांचा चहा घेत असल्यामुळे, आणि आमच्या प्रतींवर "सस्नेह" असल्यामुळे, मतभेदाचा प्रश्न नव्हता.

गेल्या खेपेला मात्र त्यांनी विजयी मुद्रेने विक्रेत्यालाच छेडलं. "काय हो, तुमच्याकडे कवितासंग्रह फारसे दिसत नाहीत? लोक हातचे सोडत नसतील, नाही?"

"येतात की, भरपूर येतात," तो म्हणाला. "आम्ही लावत नाही. बारीक माल, जागा अडते. सरळ लगद्याला."

कवी क्षणभर थांबले. चहावाल्याला त्यांनी हाताने "जरा थांब" अशी खूण केली.

"आणि लगद्याचं पुढे काय होतं?"

"पुठ्ठा. त्याची खोकी बनतात." त्याने अंगठ्याने मागे दाखवलं. कादंबऱ्या, आत्मचरित्रं, रुचिरा, विवेकानंद, सगळे भरलेल्या खोक्यांची छातीएवढी चळत होती. "आम्हीच घेतो परत, हा सगळा माल ठेवायला."

कवींनी त्या चळतीकडे बघितलं. सर्वात खालच्या खोक्यावर हात ठेवून ते किती भक्कम आहे ते दाबून पाहिलं. मग आमच्याकडे वळून, चहावाल्याला पुन्हा बोलावत म्हणाले,

"म्हणजे मराठी साहित्याचा सगळा भार शेवटी कवितेनेच पेललाय."